आमच्या मंडळाची आयरिश यादी

सप्टेंबरात आमच्या वाचनमंडळातल्या एका जोडप्याला आयरिश नागरिकत्व मिळालं. शपथविधी आटोपून दोघं बर्फीचा डबा घेऊन बैठकीला आली. तो सांगायला लागला, "येताना गाडीत ही मला म्हणते, एवढी निष्ठेची शपथ घेतलीस, इथल्या एका तरी लेखकाचं पुस्तक पुरतं वाचलंयस का? मी म्हटलं, ड्रॅक्युला. शाळेत असताना, मराठीत. ब्रॅम स्टोकर डब्लिनचाच की." ती तिथल्या तिथे म्हणाली, "त्यात आयर्लंड कुठंय पण? रक्त पिणारा ट्रान्सिल्व्हेनियाचा आणि ज्यांचं पितो ते इंग्लंडचे."

बर्फी संपली, वाद संपला नाही.

मंडळ म्हणजे आम्ही नऊजण, सगळे डब्लिनच्या पश्चिमेला लुकन आणि आसपास राहणारे. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, चहा, काहीतरी तळलेलं आणि पुस्तक. पाच वर्षं आम्ही फक्त मराठी वाचत होतो. पुस्तकं यायची ती भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. तेवीस किलोंत आधी भाजणी, मग मेतकूट, मग लोणचं, आणि काट्यावर अजून जागा दिसली तर कादंबरी. बहुतेक वेळा एकच प्रत. ती नऊ घरं फिरेपर्यंत पहिल्यानं काय वाचलं होतं ते तो विसरलेला असायचा. त्यामुळे इथल्या वाचनालयात मिळणारी पुस्तकं घेऊ, सगळे एकाच महिन्यात वाचू, ही कल्पना देशप्रेमापेक्षा सोयीची म्हणून जास्त पटली. डिसेंबर ते मे, सहा महिने, सहा पुस्तकं, सगळी आयर्लंडची. यादी कुणी करायची हे ठरलं तेव्हा मी आत भजी तळत होते. बाहेर येईपर्यंत काम माझ्या गळ्यात पडलेलं होतं.

बुधवारपर्यंत आमच्या व्हॉट्सॲप गटावर एकतीस नावं जमली. जेम्स जॉइसचं 'युलिसिस' चौघांनी सुचवलं. चौघांपैकी वाचलेलं कुणीच नव्हतं. एकाकडे ते घरी आहे, पण कोविडच्या काळात घरून काम सुरू झालं तेव्हापासून ते लॅपटॉपखाली असतं. उंची बरोबर येते म्हणे. त्यावर मी पहिला आणि शेवटचा हुकूमशाही निर्णय घेतला: 'युलिसिस' नाही. १६ जूनला, म्हणजे ज्या एका दिवसात ती कादंबरी घडते त्या तारखेला, सगळ्यांनी मिळून लिंकन प्लेसवरच्या स्वेनीच्या जुन्या औषधाच्या दुकानात जायचं, तिचा नायक ब्लूमनं घेतला तसा लिंबाच्या वासाचा साबण घ्यायचा आणि घरी यायचं. याला कुणीच विरोध केला नाही, यावरूनच काय ते समजा.

उरलेल्या नावांची मी एक्सेलमध्ये यादी केली आणि पुरस्काराच्या क्रमानं लावली. इथे माझी पहिली चूक झाली. पाच तर बुकर मिळालेली निघाली: रॉडी डॉईल १९९३, जॉन बॅनव्हिल २००५, ॲन एनराइट २००७, ॲना बर्न्स २०१८, पॉल लिंच २०२३. पन्नासेक लाखांच्या देशाला हे भलतंच झालं. मग फ्रँक मकोर्ट यांचं लिमरिकमधल्या गरिबीचं आत्मकथन, त्याला पुलित्झर. दुष्काळातून न्यूयॉर्कला निघालेल्या जहाजावरची कादंबरी. उत्तर आयर्लंडमध्ये १९७२ साली दहा मुलांच्या आईला घरातून उचलून नेलं, त्यावरचं शोधपुस्तक. मी स्वतःवर खूश होऊन कागद छापला आणि शेजारच्या आजींना दाखवायला नेला.

या आजी निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या पुढच्या. आमच्याकडच्या चकलीच्या चाहत्या. त्यांनी चष्मा लावून वरून खालपर्यंत वाचलं, मग परत वर गेल्या. म्हणाल्या, यात कुणी हसतं का गं कुठे? मला उत्तर सुचेना. मग मकोर्टच्या 'अँजेलाज् ॲशेस'वर बोट ठेवून म्हणाल्या, हे वाचा हवं तर, पण लिमरिकच्या माणसासमोर नाव काढू नका. तो म्हणेल असं नव्हतंच, दुसरा म्हणेल याहून वाईट होतं, आणि तुमचा चहा गार होईल.

घरी येऊन मी यादीकडे पाहिलं. दुष्काळ, बॉम्ब, अनाथ मुलं, हुकूमशाही, परत दुष्काळ. समजा कुणी आयरिश वाचकांनी महाराष्ट्रावरची सहा पुस्तकं निवडली आणि सहाही आत्महत्या, पूर आणि दंगलींवरची निघाली तर? पुस्तकं उत्तम असतील. पण आपण म्हणू की नाही, अहो, आमच्याकडे पु.ल. पण होऊन गेले!

पु.ल. आठवले आणि बर्नार्ड शॉही मागोमाग आलेच. शॉ जन्मले डब्लिनच्या सिंज स्ट्रीटवर, आणि त्यांच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' झाली, त्यामुळे आमच्यातल्या अर्ध्या लोकांना एका आयरिश माणसाचे संवाद मराठीत तोंडपाठ आहेत आणि पत्ताच नाही. पण ते नाटक पुरतं लंडनचं. इथे ड्रॅक्युलाचं भांडण परत वर आलं. आयरिश म्हणजे काय? लेखक इथला की गोष्ट इथली? मकोर्ट जन्मले ब्रुकलिनला. नाटककार बेकेट इथले, पण लिहायला लागले फ्रेंचमध्ये. दहा मुलांच्या आईवरचं पुस्तक लिहिणारा तर अमेरिकन. एका रविवारचे दोन तास यात गेले. शेवटी पुण्याहून लेकीकडे आलेले एक काका, मंडळाचे सभासद नसलेले, कोपऱ्यातून म्हणाले, "न. चिं. केळकरांनी 'आयर्लंडचा इतिहास' लिहिला तेव्हा ते कुठे आयर्लंडचे होते? आमच्या आजोबांच्या ट्रंकेत होतं ते पुस्तक." मग त्यांनी सांगितलं की १९१६च्या एप्रिलमध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग निघाली आणि त्याच महिन्यात इकडे डब्लिनला इंग्रजांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. होमरूल हा शब्दच आपण इथून उचललेला. खोलीत शांतता झाली. पुस्तक कुणी सुचवलं नाही, पण गोष्ट इथली असली की पुरे, असं ठरून गेलं.

त्या दिवशी बाकीचे नियमही झाले. तीनशे पानांच्या आत, कारण आमच्यातल्या तिघांना रात्रपाळी असते. वाचनालयातून पाच-सहा प्रती मिळायला हव्यात. एक तरी मूळ आयरिश भाषेतलं हवं. एक उत्तरेचं. बायकांनी लिहिलेली निम्मी. आणि आजींचा नियम: एकात तरी हसू यायला पाहिजे.

वाचनालयाबद्दल सांगायलाच हवं, कारण निवड खरी तिथे झाली. इथलं सभासदत्व फुकट. एका कार्डावर बारा पुस्तकं. घरबसल्या मागणी नोंदवली की देशातल्या कुठल्याही शाखेतून पुस्तक आपल्या शाखेत येतं. माझ्याकडे डोनेगॉलचा, केरीचा, वॉटरफर्डचा शिक्का असलेली पुस्तकं आली. एकात बसचं जुनं तिकीट सापडलं, एकात कुणाची तरी किराण्याची यादी: दूध, बटाटे, मेणबत्त्या. मी दहा-दहा पुस्तकं पिशवीतून आणायची आणि वाटायची. प्रत्येकानं एका पुस्तकाची पहिली वीस पानं वाचायची आणि गटावर एक मिनिटाचा आवाजी निरोप टाकायचा: पुढे वाचावंसं वाटलं का? एवढाच प्रश्न. परीक्षण नको. एक्सेल बंद केल्यावर कामाला वेग आला तो या निरोपांनी. "प्रॉफेट साँग", पॉल लिंचच्या पुस्तकाबद्दल एकजण म्हणाला, "परिच्छेदच नाहीत. श्वास घ्यायला जागा नाही. भारी आहे, पण मी दिवसभर बातम्या बघून येतो, मला नको." संपलं. बुकर वगैरे एका मिनिटात गारद.

क्लेअर कीगन यांच्या 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज'वर मात्र एकमत झालं. सव्वाशे पानंही नाहीत. १९८५चा डिसेंबर, वेक्सफर्ड परगण्यातलं न्यू रॉस गाव, आणि कोळसा घरपोच करणारा बिल फर्लांग. (हो, आपला मैलाचा आठवा भाग तोच. सासूबाईंना हे नाव फार आवडलं, "फर्लांगभर गेला का आज?" असं त्या विचारायच्या.) नाताळच्या तोंडावर तो मठात कोळसा टाकायला जातो आणि कोळशाच्या खोलीत त्याला एक मुलगी कोंडलेली दिसते. मॅग्डलीन लाँड्री म्हणजे लग्नाआधी दिवस गेलेल्या किंवा घराला नकोशा झालेल्या मुलींना ठेवून धुणं धुवून घेणारे मठ. शेवटचा बंद झाला तो १९९६ साली, डब्लिन शहरात. १९९६ला मी बारावीत होते. मला वाटायचं, या गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच्या.

याची वीस पानं मिरजेच्या मैत्रिणीकडे होती. ती इथे नर्स आहे. तिचा निरोप एक मिनिटाचा नव्हता, चार मिनिटांचा होता. ती म्हणाली, मी सगळंच वाचून काढलं रात्रीत. मग सविताबद्दल बोलली. सविता हलप्पनवार, बेळगावची दंतवैद्य, २०१२ साली गॅल्वेत गर्भ वाचणार नाही हे माहीत असूनही गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गानं गेली. तिच्यानंतर रस्त्यावर आलेली माणसं, २०१८चं सार्वमत, सहासष्ट टक्के लोकांनी बदललेला कायदा. "हे पुस्तक सवितावर नाही," ती म्हणाली, "पण गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, ते तेच आहे." पहिलं पुस्तक ठरलं. डिसेंबरातच वाचायचं, कारण ते डिसेंबरातलं आहे, आणि इथला डिसेंबर म्हणजे चारला दिवे लागतात, त्या काळोखात ते नीट कळतं.

जानेवारीही सोपा गेला. जॉइसला पुरतं टाकणं बरं दिसेना, म्हणून 'डब्लिनर्स'मधली शेवटची कथा, 'द डेड'. मोजकी पानं, आणि नाताळनंतरच्या दिवसांतली मेजवानी. शिवाय ६ जानेवारीला इथे 'नल्लिग ना मान' असतं, बायकांचा नाताळ. घरकाम त्या दिवशी पुरुषांनी करायचं, बायकांनी एकमेकींकडे जायचं. खास करून कॉर्क-केरीकडची चाल. आमच्याकडे ही माहिती अत्यंत काळजीपूर्वक पसरवण्यात आली आणि जानेवारीची बैठक सहा तारखेच्या आसपास घ्यायची, पोहे पुरुषांनी करायचे, असा ठराव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला.

खरं रण पेटलं ते आयरिश भाषेतल्या पुस्तकावर.

मी 'पेग'च्या बाजूनं होते. पेग सेयर्स, केरीच्या टोकाजवळच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरची म्हातारी. आयरिश लिहिता येत नव्हतं, मुलाला सांगितलं, त्यानं उतरवलं, १९३६ साली पुस्तक आलं. १९५३ला बेटच रिकामं केलं, उरलेसुरले लोक मुख्य भूमीवर आणले. सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आलेल्या होत्या. दुपारी मी त्यांना सुरुवात वाचून दाखवली, जमेल तसं मराठी करत: मी आता म्हातारी झाले, एक पाय थडग्यात आणि दुसरा त्याच्या काठावर. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "म्हणजे गोवऱ्या मसणात गेल्या म्हण की." मी पुस्तक खाली ठेवलं. इतका चपखल अनुवाद मला आठवडाभर बसून सुचला नसता. पुढे ऐकून म्हणाल्या, "हे आपल्या लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'सारखं आहे. पण लक्ष्मीबाई हसवतात. ही बाई लईच रडते." 'स्मृतिचित्रे'सुद्धा त्याच दशकातली. मला जोडी फार आवडली, मनात मी बैठकीचा आराखडासुद्धा केला.

आजींकडे गेले. 'पेग' हा शब्द ऐकताच त्यांनी डोळे मिटून घेतले. असा आवाज काढला, जसा आपण दाताच्या डॉक्टरकडे खुर्ची मागे झुकल्यावर काढतो. मग सांगितलं की हे पुस्तक इथल्या कितीतरी पिढ्यांना शाळेत आयरिशच्या पेपरला सक्तीचं होतं. नवरा गेला, मुलगा कड्यावरून पडला, पाऊस पडतोय, यावर प्रश्नोत्तरं. त्यांनी स्वतः ते अनेक वर्षं शिकवलं. म्हणाल्या, पेगबाईंचा दोष नाही, आमचा आहे. पण तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला कुणी शिक्षा केलीय का?

मी तरी हट्ट सोडला नव्हता. वाटलं, आपल्याला परीक्षा थोडीच द्यायची आहे, आपण कोऱ्या मनानं वाचू. मग त्या आत गेल्या आणि म्हणाल्या, हे बघ, कबरीतली माणसं हवी असतील तर निदान भांडणारी घे. 'क्रे ना किल्ये', मार्टीन ओ काइन, १९४९. अर्थ साधारण 'स्मशानाची माती'. कॉनेमाराच्या एका गावच्या दफनभूमीत सगळी पात्रं मेलेली आहेत आणि सगळी बोलतायत. कादंबरीभर फक्त बोलणं. नायिका कात्रिना नुकतीच पुरली गेलीय आणि तिची पहिली चिंता ही, की आपल्याला एक पौंडाच्या जागेत पुरलं की पंधरा शिलिंगांच्या? पोरांनी पैसे वाचवले की काय? बहीण नेल अजून वर जिवंत आहे आणि तिला आधी पुरायचं होतं, ते राहिलंच. नवीन मेलेलं कुणी आलं की सगळे त्याच्यावर तुटून पडतात: वर काय चाललंय, माझ्यावर क्रूस बसवला का, युद्ध कोण जिंकतंय?

मला आमच्या गावचा वाडा आठवला. पंधरा शिलिंगांची ती चिंता मी चुलत आजीच्या तोंडून शब्दशः ऐकलेली आहे, फक्त तिथे तेराव्याच्या पंगतीत बुंदी की जिलबी असा प्रश्न होता. इथल्या स्थानिक रेडिओवर अजूनही रोज कोण वारलं त्याची यादी वाचतात आणि लोक चहा हातात धरून ऐकतात. मेलेल्यांना बातम्या हव्या असतात आणि जिवंतांना मेलेल्यांच्या.

पेग हरली. आता प्रती मागवायच्या, आणि घोळ झाला तो माझाच. या कादंबरीचं इंग्रजी अनेक दशकं झालंच नव्हतं, आणि मग वर्षभराच्या अंतरानं दोन अनुवाद निघाले, २०१५ आणि २०१६ला, दोन्ही एकाच प्रकाशनाचे. नावं वेगळी: 'द डर्टी डस्ट' आणि 'ग्रेव्हयार्ड क्ले'. मी रात्री साडेअकराला फोनवर लेखकाचं नाव टाकून जे दिसेल त्यावर मागणी नोंदवत गेले. आठवड्यानं शाखेतल्या कपाटात माझ्या नावाच्या चिठ्ठीखाली सहा पुस्तकं उभी होती, तीन एक आणि तीन दुसरं. काउंटरवरच्या मुलीला वाटलं मी काहीतरी संशोधन करतेय.

परत करणार होते. पण वीस पानांच्या कामगिरीवर ती आधीच वाटली गेली होती, आणि निरोप यायला लागले ते एकमेकांना न जुळणारे. एकीच्या पुस्तकात कात्रिना आजच्या भाषेत खच्चून शिव्या देते, दुसऱ्याच्या पुस्तकात त्याच जागी शाप जुन्या वळणाचा, जड, मुळाला धरून चाललेला. मग एकानं दोन्ही उतारे गटावर टाकले आणि विचारलं, मराठीत काय कराल? पुढचे दोन दिवस गटावर फक्त शिव्या. मेल्या, मुडद्या, तुझा मुडदा बसवला, तुझी तिरडी उठली, मढं गेलं तुझं. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या निम्म्या शिव्या समोरच्याला मेला म्हणणाऱ्या आहेत, आणि इथे तर सगळे मेलेलेच. मेलेल्याला 'मेल्या' म्हटलं तर ती शिवी राहते का? सोलापूरकडच्या एकीनं निकाल दिला: "राहते. म्हणणाऱ्याचा जीव गार होतो ना, मग राहते." एप्रिल त्या कादंबरीला दिला. तीन प्रती एक, तीन दुसऱ्या. आता मुद्दाम.

नावांचा एक त्रास सगळीकडे होता, तो इथेच सांगते. आयरिश नावं लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. बी आणि एच शेजारी दिसले की आपल्या हाडात तो 'भ' असतो, म्हणून पहिल्या वर्षी ऑफिसात मी एका शिवॉनला तीन आठवडे सिओभान म्हणत होते. ती बिचारी ओ देत होती. या वेळी मी पुस्तकांतली सगळी नावं आजींकडून म्हणवून घेतली आणि देवनागरीत लिहून गटावर टाकली: आयलिश, नीव्ह, शिवॉन, कॉलम टोबीन. रोमनमध्ये सात अक्षरांची कसरत, आपल्याकडे तीन अक्षरं. आजींनी त्यांचंही नाव लिहून घेतलं. ते त्यांच्या फ्रिजवर आहे.

उत्तरेच्या पुस्तकावर दोन तट पडले. ॲना बर्न्स यांचं 'मिल्कमन' नियमात बसत नव्हतं, साडेतीनशेच्या आसपास पानं, शिवाय लांबलचक वाक्यं. तिघांनी तिसाव्या पानावर हात टेकले. त्यात कुणालाच नाव नाही: मधली बहीण, तिसरा मेहुणा, कदाचित-मित्र. सत्तरच्या दशकातलं बेलफास्ट, पण शहरालाही नाव नाही. कारण तिथे नाव उच्चारलं की तुम्ही कुठल्या बाजूचे ते कळतं. मला हे वाचताना उखाणे आठवत होते. नाव घेणं हीच मोठी गोष्ट असणं, नाव न घेता सगळा संसार 'अहो' आणि 'हे'वर चालवणं आपल्याला नवं नाही, फक्त आपल्याकडे त्यामागे गोळी नव्हती. मी गटावर हे लिहिलं. एकजण म्हणाला, ताई, छान आहे, पण साडेतीनशे पानं. मग रात्रपाळीवाल्या मैत्रिणीनं वाचनालयाच्या ॲपवरून ते श्राव्य रूपात ऐकायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की कागदावर जे दगड होते ते त्या उत्तरेच्या बोलीत गप्पा होतात. पानांचा नियम कानांना लागू नाही, असा अर्थ काढून फेब्रुवारीत 'मिल्कमन' बसवलं.

मार्चचं पुस्तक आजींनी दिलं, अक्षरशः. एडना ओब्रायन, 'द कंट्री गर्ल्स', १९६०. खेड्यातल्या दोन मुली, कॉन्व्हेंट शाळा, मग डब्लिन. पुस्तकावर इथे बंदी आली. आजींची मोठी बहीण लंडनला नोकरीला होती, तिनं सुट्टीत येताना तपकिरी कागदात गुंडाळून आणलं. आजी तेव्हा शाळेत. त्यांनी ते कपाटातून काढून दिलं तेव्हा कागद नव्हता, पण पुठ्ठ्यावर चिकटपट्टीचे पिवळे डाग होते. बॅगेतून आलेलं पुस्तक, कपड्यांच्या घडीत. आमच्यासारखंच.

राहिला मे. कॉलम टोबीन यांचं 'ब्रुकलिन' माझ्या यादीत पहिल्या दिवसापासून होतं. एनिस्कॉर्थी गावची आयलिश, १९५०च्या दशकात काम नाही म्हणून जहाजानं अमेरिकेला जाते. मोठी नाट्यं नाहीत. पत्रं, हिशेबाचे वर्ग, घरमालकीण, आणि घरची आठवण येते तेव्हा छातीत नेमकं काय होतं ते. मला वाटत होतं, हे तर आपलंच पुस्तक, यावर मतदान कशाला. मी तसं बैठकीत म्हटलंही.

बार्शीचे दादा आमच्यात वयानं मोठे, आणि कधीच कशाला नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "हे नको."

सगळे गप्प. मग त्यांनीच सांगितलं. वीस पानं वाचायची होती, त्यांनी सगळं वाचलं होतं. आयलिशची बहीण रोझ, जिनं तिला धाडलं, ती मागे वारते, आणि आयलिशला वेळेत पोचता येत नाही. "२०२० साली मी वडिलांना फोनच्या पडद्यावर पाहिलं," दादा म्हणाले. "भावानं फोन धरला होता. मध्येच रेंज गेली. तुम्ही सगळे यावर बोलाल, चांगलंच बोलाल. मला त्या खोलीत बसायचं नाहीये."

मी यादीतून काढते म्हटलं. त्यांनी ते मान्य केलं नाही. इतरांना वाचायचंय, वाचा. मेमध्ये मी येणार नाही, एवढंच. त्यावर मिरजेची मैत्रीण म्हणाली की तिलाही कीगनच्या बैठकीत कदाचित उठून जावं लागेल, तर कुणी थांबवू नका. दोघंतिघंजण मान खाली घालून होते. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना हे विचारलंच नव्हतं, की बाबा, हे पुस्तक तुला चालेल का? मराठी पुस्तकं बॅगेतून जी येतील ती वाचत गेलो. 'ब्रुकलिन' शेवटी ठेवलं आणि त्या बैठकीची सक्ती नाही असं लिहून टाकलं. मग मी सगळ्याच महिन्यांपुढे ते लिहिलं.

डिसेंबरची बैठक ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी झाली. आजी आल्या होत्या. मठाच्या लाँड्रीबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की त्यांच्या लहानपणी मुलींना धाक दाखवायला बागुलबुवा लागायचा नाही. मिरजेची मैत्रीण उठून गेली नाही, तिनेच सगळ्यात जास्त वाद घातला. फर्लांगनं पुढे काय केलं असेल, त्याच्या पाच मुलींचं काय झालं असेल, यावर दीड तास. बटाटेवडे गार झाले, कुणाला कळलं नाही.

निघताना दादा दारात बूट घालत थांबले. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "ते 'ब्रुकलिन' आहे का तुझ्याकडे?" होतं. मी काढून दिलं. त्यांनी ते मागून-पुढून पाहिलं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

"परत कधी द्यायचं?"

"तीन आठवडे. पण दंड नाही दादा, इथे २०१९ पासून बंद केलाय."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पावसात गाडीकडे गेले.